घेर

टेपची दुसरी बाजू मी कधी वापरलीच नव्हती.
कोपरखैरण्यात, एका खोलीत,
चौदा वर्षं इंच आणि सूत:
छाती, मुंढा, बाही, कंबर.
सेंटिमीटर शिकले ते खारघरला, वॉर्डात.

सिस्टर वळवीनं ईश्वरीच्या बेंबीच्या दोन्ही अंगांना
निळ्या पेननं फुल्या काढल्या.
दर चार तासांनी टेप त्याच फुल्यांवरून.
सत्तावन्न.
साडेअठ्ठावन्न.
साठ.
सहा वर्षांची पोर. हात काड्यांचे,
आणि पोट, टिचकी मारली तर वाजेल असं.

औषधानं रक्तातल्या वाईट पेशी मारल्या,
राखणीच्या होत्या त्याही गेल्या.
मग उजवीकडे खाली,
लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या वळणावर
सूज धरली. ताप चढला.
सोनोग्राफीत आतड्याची भिंत नऊ मिलिमीटर.
किती असावी, मी विचारलं.
तीनच्या आत, तांडेल डॉक्टर म्हणाले.
मी घरी असते तर म्हणाले असते, उसवून परत शिवते.

तोंडानं काही नाही. घोटभर पाणीही नाही.
नाकातल्या नळीतून हिरवं पाणी बाटलीत येतं,
छातीतल्या नळीतून पांढरी पिशवी आत जाते.
ती तिला खोटं दूध म्हणते.
आणि काचऱ्या मागते, बटाट्याच्या, कडेला करपलेल्या.
मी जिन्यात जाऊन चपाती खाते, उभ्यानं.
तीनदा चूळ भरते.
तरी म्हणते, मम्मी, मेथी होती ना?

तिचे पप्पा तुर्भ्याला, मसाला मार्केटात पोती उचलतात.
तिखटाच्या शर्टावर त्यांना वर सोडत नाहीत.
खाली पार्किंगमधून फोन: किती?
एकसष्ट.
पलीकडे नुसतीच शिंक.

सर्जन आहेत, तर कापून का टाकत नाहीत?
हे त्यांनी मला विचारलं, मी डॉक्टरांना.
तांडेल डॉक्टर हात आधी चोळून ऊन करतात,
मग पोटावर ठेवतात. नळी लावून ऐकतात, डोळे मिटून.
म्हणाले, आतून फाटलं तर कापावंच लागेल, रात्र असो की पहाट.
पण आत्ता टाके धरायला हिच्यात काही नाही.
तोवर हात आवरायचा. तेही काम आहे.
मला पटलं.
विरलेल्या कापडात सुई घातली
की टाका पडतो तिथंच नवं भोक.
तसं मी खाली फोनवर सांगितलं.
ते म्हणाले, पोरगी कापड नाही गं.

शेजारच्या खाटेवर भिवंडीचा जुनैद.
त्याला पहाटे तीनला नेलं.
दोन दिवसांनी परतला, पोटावर पिशवी घेऊन.
त्याची अम्मी शबिस्ता; तिच्या हातात कात्री थरथरायची.
पिशवीच्या चकतीला नेमक्या मापाचं भोक पाडायचं असतं,
मोठं झालं तर कातडी जळते.
मी तिला गोल कापून दिला.
इतका स्वच्छ गळा मी कुठल्याच ब्लाउजला कापला नव्हता.
मग दोघी बाथरूमशी उभ्या राहून रडलो,
वेगवेगळ्या गोष्टींसाठी.

सातव्या रात्री खारघरच्या डोंगरावर गवत पेटलं होतं.
खिडकीत नारिंगी, वाकडीतिकडी धाव-दोऱ्याची रेघ.
ईश्वरी पुटपुटली,
मम्मी, मी पादले. सॉरी.

मी अनवाणी धावले.
सिस्टर वळवीनं वहीत लिहिलं, वेळेसकट: दोन वाजून दहा.
जुनैद जागाच होता, म्हणाला, मैंने भी सुना.
खाली फोन केला.
ते इतके हसले की वॉचमन उठून आला म्हणे.
सकाळी डॉक्टरांनी नळी लावली.
या वेळी डोळे उघडे होते.

एकोणसाठ. सत्तावन्न. पेशी दोनशे, मग सहाशे.
दोन चमचे पाणी, तेही मोजून.

पंधरा दिवसांनी पुढचं औषध. तेच.
फुल्या अजून पुरत्या निघालेल्या नाहीत,
मीही जोरात घासत नाही.
तिला पिवळा फ्रॉक शिवला आहे.
दोन्ही शिवणींत दीड-दीड इंच माया ठेवली.
ढगळ झालाय, ती म्हणते.
असू दे.