तिथीची पाऊणपट

तू भांडणांची वही ठेवायचास.
दोनशे पानी, आखीव, समासासकट.
भांडण क्रमांक चौदा, कारण : उशीर, अठ्ठावीस मिनिटं.
भांडण क्रमांक पंधरा, कारण : ही वही.
पंधरावं मीच लिहिलं, तुझ्याच पेनाने,
कागद फाटेपर्यंत दाबून.

नेरूळच्या कॉलेजात आपल्याला हजेरीपटाने जवळ आणलं.
सलील गद्रे. हर्षाली घरत.
दोन आडनावांच्या मध्ये त्या वर्षी कुणीच नव्हतं,
एक ब्युरेट तेवढी होती.
तू थेंब मोजायचास,
मी चावी पूर्ण फिरवायचे
आणि फ्लास्क लग्नातल्या सरबतासारखा गुलाबी.
इतकं नको गं, पुसटसं हवं, तू म्हणायचास.
तुमच्याकडे सगळंच पुसटसं असायचं,
आमटी, राग, भिंतींचा रंग.
आमच्या सारसोळ्यात कुणी हळू बोललं
तर लोक विचारतात, बरं नाही का?

सलील म्हणजे पाणी, तूच सांगितलंस.
पानी? मी म्हटलं.
पाणी, तू म्हणालास. ण. जीभ थोडी वर वळव.
मी जीभ वळवली नाही,
सरळ तुझा कॅल्क्युलेटर जेट्टीवरून भिरकावला.
मग मीच उतरले, गुडघाभर चिखलात,
खारफुटीची मुळं पायाला टोचत होती,
आणि तू वरून दिशा सांगत होतास,
डावीकडे, अजून थोडं, नाही, तुझ्या डावीकडे.
त्यानंतर त्यात सात उमटायचा नाही.
तू तोच घेऊन परीक्षेला बसलास.
त्या रात्री मी आरशासमोर
ण, ण, ण म्हणत राहिले,
हे वहीत नाही.

आईने तुला निवट्यांचं कालवण वाढलं.
कवरा बारीक हाय गो यो, म्हणाली तुझ्यासमोरच,
आणि तू नको म्हणायला घाबरलास.
रात्रभर अंगावर पित्त उठलं तुझ्या.
सकाळी सुजलेल्या ओठांनी विचारलंस,
मासा कोणता होता? नीट सांग, लिहून ठेवतो.
तेव्हा, प्रयोगशाळेच्या दारात, सगळ्यांदेखत,
मला तू इतका आवडलास
की मी तुला शिवी दिली.

तुझा अबोला अकरा दिवसांचा असायचा.
मी दुसऱ्या दिवशीच यायचे, ओरडायला,
आणि ओरडून झालं की माझ्यापुरतं मिटलेलं असायचं.
तुझं तेव्हा सुरू व्हायचं.
आपली घड्याळंच वेगळी होती, सलील,
भांडणं तर नंतर.

शेवटचं आठवतं? चतुर्थी होती.
आजोबांनी शिकवलेलं मी तुला सांगितलं,
तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते.
चारची पाऊणपट तीन.
तू खिशातून छापील कोष्टक काढलंस.
तीन वाजून चार मिनिटं.
म्हणजे चूक, तू म्हणालास.
चूक कुणाची, मी म्हटलं,
खाडीने तुझं पुस्तक वाचलंय का?
मग आजोबा निघाले, तुझी आई निघाली,
तो ण निघाला,
तू पुण्याला जाणार होतास आणि सांगितलं नव्हतंस तेही निघालं,
मी ते टपालातून आलेल्या लिफाफ्यावर आधीच वाचलं होतं
आणि बोलले नव्हते, तेही.
पहिल्यांदा तू ओरडलास.
पहिल्यांदा मी गप्प.

आता मी उलव्याला नववीला शिकवते.
पोरं पानी म्हणतात. मी पुढे शिकवते.
ब्युरेट मात्र थेंबाथेंबानेच सोडायला लावते,
पुसटसं, म्हणते, पुसटसं,
आणि हसू येतं तर फळ्याकडे वळते.

त्या दिवशी अंधार पडला तेव्हा
आपण अजून त्या चार मिनिटांवरच होतो.
मी खाली पाहिलं.
पाणी केव्हाच उतरलं होतं.
होड्या चिखलात कलंडलेल्या,
आणि त्यांच्यामधून निवट्या
उड्या मारत चालल्या होत्या,
अर्ध्या मासा, अर्ध्या कोण जाणे काय.