भट्टीतला रंग

दोन्ही कॅमेरे एकाच तिपाईवर, पाळीपाळीनं.
भांडी बाजार, सकाळचे साडेनऊ,
ऊन समोरच्या पत्र्यावरून उडी मारून दुकानात आलेलं.
त्र्यंबकशेट वडनेऱ्यांनी घागर चिंचेनं घासून ठेवली
आणि मला म्हणाले, "हलू नको म्हणावं तिला."

जुना दहा मेगापिक्सेलचा, सीसीडीवाला.
बॅटरी फुगलेली, झाकण रबरबँडनं धरलेलं.
एक फोटो काढला की दम खातो,
लाल दिवा मिचकावत बसतो,
पण तांबं असं देतो
की त्या फोटोत ताक ठेवलं तर कळकेल.

नवा शांत.
ठोक्याठोक्यातला फरक दाखवतो;
घागरीच्या पोटात माझा खांदा, रस्त्यावरची रिक्षा,
रिक्षाचा नंबरसुद्धा.
तांबं मात्र समजूतदार,
कुणाला लागू नये म्हणून
जरासं पितळेकडे कललेलं.
स्लायडर सरकवले. केशरी वाढवला, मॅजेंटा चिमूटभर,
चाखत चाखत मीठ घालावं तसा.
जवळ आलं.
तेच झालं नाही.

मग दोन हजार सातची फाइल उघडली.
हेच दुकान, हाच कोन.
त्याच कार्डावर रामकुंडाचं पाणी आहे, निळं;
इतकं निळं मी ते कधी पाहिलेलं नाही,
आठवतं मात्र तसंच.

शेटनी चष्मा कपाळावर चढवला.
"हा भट्टीतनं काढल्यावरचा रंग."
मग जरा वेळानं,
"ह्यात मागं दिगंबर बसलेला ना?"

मागं काळोख होता.
सावल्या उचलल्या. एक स्टॉप, दोन, तीन.
लाल-हिरवे दाणे उठले,
रांगोळी झाडल्यावर फरशीवर उरतात तसे.
त्यात एक वर गेलेला हात,
किंवा हातोड्याचा दांडा,
किंवा नुसताच नॉइज.

आजच्या फोटोत तीच सावली उचलली,
सहज उचलली गेली.
ऐरण, गिलाव्याचे पोपडे, कोळ्याचं जाळं तारेतारेसकट.
ऐरणीपुढं गोणपाट,
घडी घातलेलं.

"जाहिरातीला नवाच लाव," शेट म्हणाले.
"गिऱ्हाइकाच्या घरी भट्टी नसते."

जुन्याची प्रत त्यांनी मागितली नाही.
फक्त लॅपटॉप स्वतःकडे वळवून
त्या काळ्या कोपऱ्यावर बोट टेकवलं,
चिंच लागलेलं.

डाग अजून पुसायचा राहिलाय.