पूर्वेचा दरवाजा

या गावानं तोंड पूर्वेला केलं ते रेल्वेसाठी.
नकाशावर लाल शाईची रेघ होती,
आणि कंपनीच्या माणसानं हॉटेलात
टेबलावर पाय टाकून शब्द दिला होता.
शब्दाला काय, वजन थोडंच असतं.
चुनखडीला असतं.

बावीस मैलांवरच्या खाणीतून खेचरांनी ओढून आणली ती:
कोर्टहाउसचे चार खांब, नऊ पायऱ्या,
कमानीच्या माथ्यावर मक्याची दगडी कणसं.
त्यातलं एक अर्धंच राहिलं.
पाथरवट येलिनेक, मजुरी थकल्यावर,
छिन्नी खिशात घालून चालता झाला.
शेजारी बँक. तिचा कॉर्निस पत्र्याचा,
रंगात वाळू कालवून दगड केलेला.
गारा पडतात त्या रात्री तो खरं बोलतो.

रेल्वे आली. पश्चिमेनं आली.
सगळं गाव नटूनथटून पुढच्या ओट्यावर उभं,
आणि पाहुणा परसदारी,
गुरांच्या कुंपणाला लागून, आत.

तेव्हापासून येणाऱ्याला आधी आमची पाठ दिसते:
गिलावा नसलेली वीट, कोळसा टाकायची भोकं,
आगीच्या वेळी उतरायचे लोखंडी जिने,
ज्यांच्यावर शेरीफची बायको आल्विना
वाळत घालायची घरच्या चादरी, आणि कैद्यांच्याही.
तळघरात तुरुंग आणि तिचं स्वयंपाकघर
यांच्यामध्ये एक भिंत,
भिंतीत ताटाएवढी खिडकी.
अजून आहे. आता तिच्यातून प्रिंटरची वायर जाते.

आणि पुढे? पुढे मका.
नऊ पायऱ्या, मातीचा रस्ता, मग हॉफ्टांचं शेत,
थेट आभाळ टेकतं तिथवर.

मी इथल्या किल्ल्या सांभाळतो, एकोणतीस वर्षं.
पूर्वेचा दरवाजा माझ्याही आधीपासून बंद.
चाकाच्या खुर्च्यांसाठी मागे उतरण बांधली,
ते बरंच केलं.
व्हर्लिन हॉफ्ट दर बजेटला विचारतो,
"लॉयल, खांबांना तडे गेलेत.
ते उभे तरी कोणासाठी आहेत?"
मी म्हणतो, छपरासाठी.
टेबलाभोवती हसतात,
आणि आणखी एक वर्ष पदरात पडतं.

एप्रिलमध्ये एकदा मी तो दरवाजा उघडतो.
ओकची फळी थंडीत फुगते, खांदा लावावा लागतो.
उंबऱ्यावर मेलेल्या गांधीलमाश्या,
बिजागऱ्या म्हाताऱ्यासारख्या कण्हतात,
मग वारा आत येतो आणि नोटीस बोर्डावरचे
लिलावाचे कागद चाळून बघतो.

यंदा दार सताड टाकून मी तेलाची बुधली शोधत होतो
तर एक मुलगी पायऱ्या चढून आली.
गुडघ्यापर्यंत चिखल.
पिकअप रुतला म्हणाली, पलीकडच्या बांधाशी.
शेतात नुसती धसकटं, लांबून खांब दिसले,
म्हणून सरळ चालत सुटले.
तो ट्रॅक्टर आणायला गेलाय.
लग्नाचा परवाना कुठं मिळतो?

डावीकडे, दुसरी खिडकी, मी म्हटलं.
एवढंच म्हटलं.
ती बूट पुसायला काहीतरी शोधत होती.
त्या दाराशी पायपुसणं नव्हतं.
असणार तरी कसं.

तिची पावलं मी दुपारपर्यंत तशीच ठेवली,
नऊ पायऱ्यांवरून आत आलेली.
मग पुसली. तीन वाजता
व्हर्लिन तडे मोजायला येणार होता.