दाताखालची हवा

कुर्ल्याला कमानीजवळ, दुसऱ्या मजल्यावर
माझी पाटी आहे: डॉ. शशांक विजयकर, दंतवैद्य.
वर 'फ्लाइट लेफ्टनंट, निवृत्त' लिही असं बायको म्हणत होती.
रंगारी अक्षरामागे पैसे घेत होता,
मला तेवढं निमित्त पुरलं.

दर तीन-चार मिनिटांनी एक विमान
चाकं सोडून आमच्या गच्चीवरून जातं.
काच थरथरते, ट्रेमधले आरसे किणकिणतात,
मी हात उचलून घेतो, थांबतो.
पेशंटला वाटतं, डॉक्टर विचारात पडले.
मी ऐकत असतो फक्त,
पोरानं थ्रॉटल किती मागे घेतलाय ते.

बारमेरच्या वाळवंटावर, एका ऑक्टोबरात,
एका खुर्चीनं मला आकाशात भिरकावलं होतं.
इंजिनात पक्षी गेला. घार असावी.
हँडल ओढल्याचं आठवतं, मधलं नाही,
मग वाळू, आणि दूरवर एक उंट, अजिबात न दचकलेला.
त्या दिवसापासून माझी उंची पाऊण इंच कमी आहे.
मेडिकल बोर्डाचे ग्रुप कॅप्टन
एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले,
"चालशील. पळशीलही. उडणार नाहीस,"
आणि त्यांनी चहा मागवला.

मग सत्ताविसाव्या वर्षी
अठराच्या पोरांशेजारी बसून
मेणाचे दात कोरायला शिकलो.
ती आधी अंकल म्हणायची, मग नोट्स मागायला लागली.
पहिल्या परीक्षेत माझी दाढ
इस्त्रीच्या घडीसारखी निघाली, खडकवासल्याची सवय.
मॅडम म्हणाल्या, "हिला जेवायचंय हो,
सलामी द्यायची नाहीये."

दातच का, हे आई अजून विचारते.
"एवढा वर गेलास,
आणि शेवटी लोकांच्या तोंडात हात?"
मी तिचीच कवळी घासत असतो तेव्हा. हसतो.

काल एक मुलगी आली, लोहार आडनावाची, हवाई सेविका.
तीन डॉक्टर करून आली होती.
तिघंही म्हणाले, दात ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका.
"खाली असले की काहीच नसतं हो," ती म्हणाली,
"पण वर जाताना..."
शब्द सापडेना, तेव्हा तिनं बोटानं
हवेत एक चढती रेघ काढली.

ती रेघ मला पाठ आहे.
माझी खालची डावी दाढ,
वर चढलो की जबड्यात खिळा ठोकल्यासारखी,
उतरलो की गुल.
दोन महिने कोणाला बोललो नाही,
बोललो असतो तर उड्डाण बंद.
शेवटी तळावरच्या मेजर पुरोहितांनी,
बुटका माणूस, हाताला लवंगेचा वास,
जुनं सिमेंट उकरलं आणि म्हणाले,
"घाईत भरलंय कोणीतरी. मोहरीएवढी हवा राहिलीय खाली.
जमिनीवर गुमान बसते.
तू चढलास की तीही फुगते."
फॉर्मवर त्यांनी 'किरकोळ' लिहिलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवेत होतो.

मुलीची खुर्ची मी सावकाश मागे केली.
करताना सांगतो नेहमी, "आता मागे जातेय हं."
मला कोणी सांगितलं नव्हतं.
उकरलं. होती.
मोहरी नव्हे, खसखस.
थरावर थर देत, दाबत दाबत भरलं,
दोनदा काढून पुन्हा भरलं,
मावशींनी घड्याळाकडे बघितलं, बघू दे.
मधेच वरून एक गेलं,
दोघंही थांबलो,
तोंडात कापूस धरून ती काहीतरी पुटपुटली,
"एअरबस" असावं.
मी म्हटलं, "बोइंग आहे. आवाज ऐक."

आज पहाटे तिचं चंदीगड होतं.
उतरल्यावर फोन करते म्हणाली.
सव्वानऊ झालेत.
सहाचं विमान केव्हाच उतरलं असणार,
मावशींना सांगितलंय,
पुढच्याला पाच मिनिटं बाहेरच बसवा.