मधलं लोखंड

महूच्या लिलावातून दोन एक्सल आणले,
लष्करी ट्रकचे.
उतरवताना टेम्पोचे पाटे कण्हले.
सांवेर रोडवर कुणी मान वळवली नाही,
इथे रोज काहीतरी जड उतरतंच.

शाळेच्या पुस्तकात याला आस म्हणायचे.
लखनकाकांना सांगितलं, तर म्हणाले,
"आस कितने किलो की?"
दोनशे दहा. पुढचा जरा जास्त.

बग्गी निरंजन बिडवईंची.
वय एकसष्ट, डोंगर चढायचाय,
गुडघ्यांनी जे नाकारलं ते चाकांकडे मागताहेत.
पैसे हप्त्याने देतात, सल्ले रोख.

डावी नळी पाच इंच जास्त होती.
कापली. आत बोटभर जाडीची बाही बसवली,
तापवली, पाण्याचा थेंब टाकला की
थेंब नाचत पळेल इतकी.
मग जोडत गेले, थोडं इकडे, थोडं समोर.
एकाच बाजूचे लाड केले की नळी तिकडे वाकते.
मला दोन मुलगे आहेत, नियम नवा नव्हता.
रात्रभर राखेत पुरून ठेवली.

सकाळी लखनकाकांनी राख झटकली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली
आणि एक डोळा मिटून इतका वेळ बघत राहिले
की चहावर साय धरली.
"दो सूत."
दोन सुतांपायी आणखी एक दिवस गेला.

मग स्टिअरिंगचं आलं.
एवढ्या टायरांना जुनी दांडी पुरत नाही,
दगडात चाक अडकलं की झटका उलटा हातात येतो,
अंगठे मोडतात.
म्हणून दांडीच काढून टाकली.
बिडवईंच्या हातापासून चाकापर्यंत आता
एक सळई नाही, एक पिन नाही.
भंगारातल्या हार्वेस्टरचा झडपांचा डबा,
दोन्हीकडून दांडा निघणारा सिलिंडर,
सियागंजात हातिमभाईंनी दाबून दिलेले चार पाइप,
आणि तेल.

लखनकाका दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी पाना पुसता पुसता म्हणाले,
"बीच में लोहा तो चाहिए ना, बेटा."
नवऱ्याशी मी सध्या मुलांमार्फत बोलते.
तेही पोचतंच,
पण हे मी बोलले नाही.

हवा काढायला अख्खी संध्याकाळ.
पुढची चाकं अधांतरी,
मी पार डावीकडे, पार उजवीकडे,
टाकीत ताकासारखा फेस.
तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते;
हवा राहिली तर सांगितलेलं अर्धंच पोचतं,
उरलेलं वाटेत कुठेतरी मऊ होऊन बसतं.
लखनकाका टाकीवर बॅटरी धरून:
"और. और. बस. नहीं, और."
शेवटचा बुडबुडा आला तेव्हा
समोरच्या नमकीनच्या कारखान्यात पाळी बदलत होती,
लसणाच्या शेवेचा वास आमच्या ग्रीसवर येऊन बसला.

रविवारी चोरलच्या कोरड्या पात्रात
बिडवईंनी फ्रिजएवढ्या दगडावर चाक चढवलं
आणि जागच्या जागी वळवलं, एका बोटाने.
हसले. पुढच्या वळणावर
सवयीने हात सैल सोडले.
गाडी वळतच राहिली, करंजाच्या झुडपात शिरली.

"तुमचं हे आपलं आपण सरळ होत नाही,"
केसांतली पानं काढत तक्रार.
नाही होत.
तेलाला मध्य ठाऊक नसतो.
वळवलंत तुम्ही, परतही तुम्हीच आणायचं.

लखनकाकांनी स्टिअरिंगच्या माथ्यावर
लाल चिकटपट्टी लावून दिली: हा मध्य.
पण आतून तेल कणाकणाने झिरपतं,
चक्र आपली खूण विसरत जातं.
परतताना पट्टी सरकत सरकत
पावणेचारवर आलेली,
आणि गाडी सिमरोलच्या घाटात
नाकासमोर चाललेली.

लखनकाका एकदा पट्टीकडे बघत,
एकदा रस्त्याकडे.
मग हात लांबवून नखाने ती सोलली,
गोळी केली
आणि शर्टाच्या खिशात, बिडीच्या बंडलाशेजारी, टाकली.