चुंबळ

मरोळच्या चौथ्या मजल्यावर, एसीखाली शाल गुंडाळून
तीन दिवस मी एक चुंबळ वळतेय.
आधी कर्व्ह, मग कर्व्हवर नळी,
नळीला पीळ, सातशे वीस अंश,
आणि पडद्यावर येते ती जिलेबी.
फार तर पंक्चरवाल्याकडची ट्यूब.
ब्रशने सुरकुत्या कोरल्या,
तर जिलेबीवर सुरकुत्या.
मग सरळ चौकोनी कापड घेतलं, मऊ,
सिम्युलेशन लावून खुर्चीतच निजले;
उठून बघते तर कापड कवटीतून आरपार
हनुवटीखाली लोंबतंय.
फ्लॉईड म्हणाला, रेफरन्स बघ की जरा.

रेफरन्स दाणाबंदरला भेटला.
हिंदुराव शेडगे, गाव पाटणच्या वर कुठेतरी.
बशीतला चहा संपवून म्हणाले, "ह्याचं काय बघायचं?"
आणि डोक्यावरनं काढून हातात दिली.
गरम होती.
सोडली तर निघाला लुगड्याचा तुकडा,
कधीकाळी हिरवा, काठ अजून शाबूत.
"मंडळींचं," इतकंच बोलले.

परत वळताना मी फोनवर टिपत गेले:
एक टोक दातात
(आमच्या कुठल्याच टूलमध्ये दात नाहीत).
पीळ मनगटातून नाही, खांद्यातून.
दोन वेढे, तिसरा आतून.
शेपूट खाली खुपसायचं;
वर राहिलं की गोणी घसरते.
मग तळहाताने एकदा थापली.
"आता गोल हाय," म्हणाले, "पर पहिल्या गोणीपतुर."

सोडण्याआधी ती उजवीकडे चपटी होती. का, विचारलं.
त्यांनी मान दाखवली. तीही त्याच बाजूला.

म्हणजे तीन दिवस मी कापड करत होते,
करायचं होतं ते वजन.

रात्री पात्राच्या डोक्यावर एक गोणी ठेवली,
रेंडरमध्ये न दिसणारी, पन्नास किलोची.
दोनशे फ्रेम दाबू दिलं.
मग गोणी डिलीट केली.
चुंबळ बसली होती. उजवीकडे जरा जास्तच.

फ्लॉईडने झूम करून पाहिलं.
"अगं, या शॉटमध्ये ओझं नाहीये, नुसता उभाय तो.
हा खड्डा कसला?"
"आत्ताच उतरवलंय," मी म्हटलं.
तो गप्प. मग माऊस सोडून म्हणाला,
"मग मान सरळ कशी याची?"

मानेचं रिगिंगवाल्यांना सांगावं लागेल, उद्या.
आज फाईल सेव्ह करायच्या आधी
खुपसलेल्या टोकावर,
जिथे कुठलाच कॅमेरा जाणार नाही,
दातांच्या चार खुणा दाबून ठेवल्या.
पॉलिगॉन थोडे वाढले.