मधली खुर्ची

बाटू पाहातच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
मला एक खुर्ची दिलीय, दोघींच्या मध्ये,
जरा मागे सरकवून.
दिवसाचे साडेतीनशे रिंगिट, जेवण धरून.

समोर फेम्के, डच दुकानवाल्यांची माणूस,
चौदा पानी प्रश्नावली, लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटी.
एकेक बाई येते, ताप्लेजुंगची, तेह्रथुमची,
केसांत कापसाची लव घेऊन.
बसतात. टेकत नाहीत.

जादा काम कुणाच्या सांगण्यावरून करता?
'आपल्या खुशीने.'
पहिली म्हणाली, दुसरी म्हणाली,
सातवीपर्यंत तीच खुशी,
'आपल्या'नंतर तोच अडखळा,
एकाच मशीनवर त्याच जागी सुटलेला टाका.
मी सातदा सांगितलं. बिनचूक.

आठवी इंद्रकला याख्खा.
एजंटला किती दिले?
'दहा हजार.'
बरोबर. विमानाच्या आदल्या रात्री काठमांडूत
कॅमेऱ्यासमोर हेच म्हणवून घेतात,
चुकलं की पुन्हा. हसून म्हण. पुन्हा.
मला कसं ठाऊक, ते प्रश्नावलीत नाही.
माझ्या वेळी आकडा पाच हजारांचा होता.

पासपोर्ट कुणाकडे?
'माझ्याच कपाटात.'
किल्ली?
ती खिडकीकडे बघते.
खाली रंगखात्याचं पाणी नाल्यात उतरतंय, आज निळं.
'कपाट ऑफिसात असतं.'

फेम्के पिवळी चौकट भरते.
पिवळं म्हणजे धोका मध्यम,
सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

मग पेनाला टोपण लावून
ती कागदावर नसलेलं विचारते :
कानाच्या पाळ्या एवढ्या कशाने ओघळल्या?

मी विचारते.
इंद्रकलाचा हात कानाकडे जातो, अर्ध्यात थांबतो.
'चेप्टे सुन होतं. आईचं.'
चपटं सोनं, मी सांगते, बशीएवढं, लग्नाकार्यात घालतात.
होतं?
'होतं.'

शिफ्टची घंटा होते. कुणी उठत नाही.
'दहा हजारांत,' ती म्हणते, माझ्याकडे बघून,
'दहा हजारांत कोण पाठवतं, दिदी?
हे नका सांगू.'

काय म्हणाली? फेम्के विचारते.

माझ्या करारात तिसरं कलम आहे :
बोललेलं सगळं जसंच्या तसं सांगावं.
चौथं : बोलणारीला इजा होईल असं काही करू नये.
छापणाऱ्याने दोहोंच्या मध्ये
एका ओळीची जागा सोडलीय. मी तिथे बसते.

मी म्हणाले, तिला पाणी हवंय.

टेबलावर भरलेला तांब्या होता.
फेम्केने तो पाहिला.
मग पेन, कागद तिथेच ठेवून उठली,
जाताना दार ओढून घेतलं, कडी वाजेपर्यंत,
आणि बराच वेळ आली नाही.